जपानमधील ऱ्योकामी डोंगर एका दिवसात: वेळेचे गणित कसे बसवावे?

जरंड्याचा पायथा (सातारा)

सर्वांना नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त तोक्योत राहतो आणि पुढील वर्षी आम्ही उभयतांनी त्याच्याकडे जायचे ठरवले आहे. मी माध्यमिक शाळेत शिक्षक असल्यामुळे मला दोनच वेळा मोकळीक मिळते, दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना. त्या मुक्कामातला एक दिवस मला डोंगरासाठी राखून ठेवायचा आहे. फुजीचा विचार मनात नाही, कारण त्याचा हंगाम जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो आणि तेव्हा तेथे रांगेने चढावे लागते. मला जंगलातली, ओढ्याकाठची, माणसांची वर्दळ नसलेली वाट हवी आहे.

नकाशे चाळताना सैतामा प्रांताच्या पश्चिम टोकाला, चिचिबु खोऱ्याच्या पलीकडे, ऱ्योकामी हा १७२३ मीटर उंचीचा डोंगर नजरेस पडला. हिनाता-ओयादानी या वाडीतून निघणारी वाट तेथील जुन्या देवस्थानाची वाट आहे, असे वाचले आणि मन तेथेच अडकले. माझा अनुभव सह्याद्रीपुरता आहे. वासोटा, मकरंदगड आणि चांदोलीच्या जंगलातून प्राचीतगड मी केलेला आहे. वय बावन्न असून गुडघे शाबूत आहेत. सौ. डोंगरावर येणार नाहीत. भाचा सोबत येईल, परंतु त्याला चढाईची सवय नाही.

तोक्योहून पहाटे निघून त्याच रात्री परतणे शक्य आहे का, दोहोंपैकी कोणता काळ बरा, पायथ्याच्या गावात वाटाड्या मिळतो का, आणि अस्वलांविषयी जे ऐकू येते ते कितपत मनावर घ्यावे, याविषयी माहितगारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठचा (कराड)

सर, नमस्कार. मी काही वर्षे सैतामात नोकरीला होतो आणि ऱ्योकामीला त्या काळात जाऊन आलो आहे. आपण निवडलेला डोंगर उत्तम आहे. मात्र त्याची शांतता आणि त्याची अडचण एकाच कारणातून आलेली आहे: तेथे पोहोचणेच कठीण आहे.

आधी प्रवासाचे सांगतो. इकेबुकुरोहून सेइबु-चिचिबु स्थानकापर्यंत जलद गाडीला सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. तेथून चालत काही मिनिटांवर असलेल्या ओहानाबाताके स्थानकावर चिचिबु रेल्वे पकडून शेवटच्या मित्सुमिनेगुचि स्थानकावर उतरायचे आणि पुढे ओगानो नगरपालिकेच्या बसने याकुशि-नो-यु मार्गे हिनाता-ओयादानी गाठायचे. या शेवटच्या टप्प्यावर दिवसभरात मोजक्याच बस धावतात, आणि सुट्टीच्या दिवसाचे व कामाच्या दिवसाचे वेळापत्रक एकच असेल असे गृहीत धरू नये. तोक्योहून पहिल्या गाडीने निघालात तरी पायथ्याशी पोहोचेपर्यंत सकाळ बरीच वर आलेली असते.

आता डोंगराचे गणित पाहू. पायथा साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, म्हणजे निव्वळ चढ हजार मीटरहून थोडा अधिक. अजिंक्यतारा शहरातून सुमारे तीनशे मीटर उठतो. तो एका दमात तीन वेळा चढून आणखी थोडे चढावे, इतका हा चढ होतो. चढायला चार तास आणि उतरायला तीन ते साडेतीन तास धरावेत. समजा, बसने नऊ-साडेनऊला पायथा गाठला, तर माथ्यावर दीड वाजेल आणि विसावा घेऊन खाली येईपर्यंत पाच वाजून जातील. ऑक्टोबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहानंतर मावळतो, तर तोक्योच्या परिसरात तो पावणेपाचलाच मावळतो. आणि अरुंद दरीतल्या दाट झाडीत उजेड त्याच्याही आधी जातो. याच वाटेवर मे महिन्याच्या मध्यात सूर्यास्त साडेसहानंतर होतो. हा पावणेदोन-दोन तासांचा फरक आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

पानगळीचे रंग पाहण्यासाठी बहुतेक लोक ऑक्टोबर-नोव्हेंबर सुचवतील आणि ते रंग खरोखरच पाहण्यासारखे असतात. तरीही सवय नसलेला सोबती घेऊन जाणाऱ्याने मे महिनाच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात. त्या टाळून पुढच्या आठवड्यातील कामाचा दिवस घ्या. आकायाशिओ नावाची गुलाबी फुलांची झुडपे त्या सुमारास वरच्या धारेवर फुललेली असतात, आणि जूनमध्ये सुरू होणारा तेथला पावसाळाही अजून दूर असतो.

तोक्योहून एका दिवसात जाऊन येण्याचा आग्रह मात्र सोडावा. आदल्या संध्याकाळी चिचिबु किंवा ओगानोत मुक्काम करा आणि सकाळी टॅक्सीने किंवा भाच्याकडे परवाना असल्यास भाड्याच्या मोटारीने सात वाजेपर्यंत पायथ्याशी पोहोचा. तेथे वाहनतळाची सोय आहे. एवढे केले की साऱ्या दिवसाला श्वास घ्यायला जागा मिळते.

वाटेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सुरुवातीचा टप्पा दरीच्या अंगाने आडवा जातो. चढ फारसा नसल्याने पाय सैल पडतात, परंतु वाट अरुंद आहे आणि एका बाजूला थेट ओढ्यापर्यंत उतार आहे. लोक साखळ्यांना घाबरतात, पण या डोंगरावर बारकाईने पाय टाकायची खरी जागा हीच आहे, आणि परतताना थकलेल्या पायांनी तिथूनच यायचे असते. एशो या ठिकाणी वाटा फुटतात. पुढे ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. दगड लावलेले असतात, तरी आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकलणे हेच योग्य. हाक्काइसान हा टप्पा गेल्यावर कियोताकी झोपडी लागते. ही लाकडी इमारत ऐसपैस आहे, पण तेथे कोणी राहत नाही आणि खायला-प्यायला काही मिळत नाही. झोपडीच्या थोडे अलीकडे कोबो-नो-इदो नावाचा झरा आहे. तो असेलच असे न मानता पाणी खालूनच भरून घ्यावे. झोपडीनंतर खरा उभा चढ सुरू होतो. सानताइ धारेवर पोहोचल्यावर साखळ्या आणि मुळांच्या पायऱ्या लागतात. प्राचीतगडाच्या शिड्या आपण चढला आहात, त्यामुळे याचे भय वाटायला नको. भाच्याला मात्र पुढे ठेवावे आणि उतरताना आपण त्याच्या खाली राहावे.

येथला खडक आपल्या काळ्या कातळासारखा नाही. हा चर्ट आहे, समुद्रतळाशी साचून घट्ट झालेला, अतिशय कठीण दगड. कोरडा असताना त्याच्या कडांवर बूट चांगला धरतो; ओला झाला आणि वर पानांचा थर बसला की तो निसरडा होतो. शिखरावर, म्हणजे केनगामिनेवर, जेमतेम काही माणसे उभी राहतील एवढीच खडकाळ जागा आहे. हवा स्वच्छ असेल तर फुजी, आसामा आणि यात्सुगाताके दिसतात.

आणि देवस्थानाविषयी. वाटेवर जागोजागी दगडी मूर्ती भेटतात आणि त्यांत फुदोची, म्हणजे आपल्याकडून बौद्ध परंपरेतून तिकडे गेलेल्या अचल देवतेची, मूर्ती आहे. माथ्याखालच्या ऱ्योकामी देवळासमोर द्वारपाल म्हणून सिंहांऐवजी लांडगे बसवलेले आहेत. चिचिबु खोऱ्यात लांडग्याला देवाचा दूत मानतात. खुद्द जपानी लांडग्याची शेवटची नोंद १९०५ सालची आहे, पण त्या शेवाळलेल्या मूर्तींच्या फासळ्यासुद्धा शिल्पकाराने मोजता येतील अशा कोरल्या आहेत. तेथे दहा मिनिटे थांबण्याची तजवीज वेळेच्या हिशेबात अवश्य ठेवा.

वाटाड्या म्हणाल, तर बामणोलीत किंवा पाथरपुंजच्या बाजूला गावातला माणूस सोबत घेता येतो तशी पद्धत तेथे नाही. व्यावसायिक मार्गदर्शक असतात, पण ते आधी ठरवावे लागतात.

मेणवलीचा घाट (वाई)

सरांच्या उत्साहाला बाधा आणायची नाही, तरी एक पर्याय सुचवतो. सोबतीला सवय नसेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर यामानाशी प्रांतातील दाइबोसात्सु-रेइ का नको? उंची २०५७ मीटर, म्हणजे ऱ्योकामीपेक्षा अधिक. परंतु काइ-यामातो स्थानकाहून हंगामात सुटणारी बस कामिहिकावा खिंडीपर्यंत, जवळजवळ सोळाशे मीटरवर, नेऊन सोडते. त्यामुळे चढ थोडा उरतो, धारेवरून चालताना फुजी समोर राहतो आणि चार-पाच तासांत फेरी पूर्ण होते. तोक्योहून त्याच दिवशी परत येता येते. अनोळखी मुलुखात पहिल्याच दिवशी निर्जन दरीत शिरण्यापेक्षा हे शहाणपणाचे वाटते. आपल्याकडेही बाहेरगावच्या पाहुण्याला आपण पहिल्यांदा पांडवगड दाखवतो, थेट कोयनेच्या रानात नेत नाही.

कृष्णाकाठचा (कराड)

आपला मुद्दा रास्त आहे आणि हवा अनिश्चित असेल त्या दिवसासाठी दाइबोसात्सु हाताशी असावाच. मात्र ज्या गोष्टी त्याला सोप्या करतात, त्याच तेथे गर्दीही आणतात. सरांनी शांत वाट मागितली आहे आणि प्राचीतगड केलेल्या माणसाला ऱ्योकामीची रूढ वाट आवाक्याबाहेरची नाही. हाच डोंगर हाच्चो खिंडीकडून चढायचे म्हणाले असते, तर मी विरोध केला असता, कारण ती साखळ्यांमागून साखळ्यांची वाट आहे आणि नवख्याला घेऊन तिकडे जाऊच नये.

निर्जनपणाविषयी आपण जे म्हणालात, ते मात्र अगदी खरे आहे, आणि त्यासाठी एक घटना नोंदवतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये याच डोंगरावर एकट्याने गेलेला तिशीतला एक माणूस उतरताना वेगळ्या ओढ्याच्या वाटेने गेला, घसरला, त्याचा पाय मोडला आणि जवळजवळ दोन आठवड्यांनी तो जिवंत सापडला. तो नेमका कोणत्या वाटेने जाणार आहे हे घरच्यांना ठाऊक नसल्याने शोध लांबत गेला. म्हणून सर, एक काम टाळू नका. जपानमध्ये चढाईची लेखी सूचना देण्याची रीत आहे. पायथ्याशी त्यासाठी पेटी असते आणि कॉम्पास नावाच्या संकेतस्थळावरूनही ती पाठवता येते. तीत नावे, जाण्याची व उतरण्याची वाट, परतण्याची अपेक्षित वेळ, सोबतचे सामान आणि घरचा संपर्क लिहायचा असतो. भाच्याकडून जपानी भाषेत भरून घ्या, एक प्रत मामींकडे ठेवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११० क्रमांकावर पोलिसांना कळवायचे, ती वेळ त्यांना ठामपणे सांगून जा. एकदा लिहिलेली वाट डोंगरावर गेल्यावर बदलायची नाही.

सैतामा प्रांतात २०१८ पासून ठरावीक डोंगरी भागांत बचावाच्या हेलिकॉप्टरचे शुल्क आकारले जाते. प्रवास विमा घेताना त्यात डोंगरचढाई आणि बचावाचा खर्च धरला आहे का, हे कागद वाचून पाहावे; विमा विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर राहू नये.

हरिपूरची संगमवाट (सांगली)

सर, मी पेशाने डॉक्टर आहे आणि जपानमधल्या डोंगरवाटांवर थोडीफार फिरलेली आहे. अस्वलांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहिते.

होन्शु बेटावर, म्हणजे तोक्यो ज्या बेटावर आहे तेथे, काळे आशियाई अस्वल आढळते. आपल्या हिमालयात असते त्याच जातीचे, छातीवर पांढरा पट्टा असलेले. त्याहून मोठे तपकिरी अस्वल फक्त होक्काइदोत असते. चिचिबुच्या रानात काळे अस्वल आहे, हे धरूनच चालावे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात जपानभर दोनशेहून अधिक माणसे अस्वलांच्या हल्ल्यांत सापडली, तेव्हा ही अफवा नव्हे. बहुतेक हल्ले अचानक समोरासमोर आल्यामुळे होतात. यासाठी पाठपिशवीला घंटा बांधतात. पण ओढ्याच्या खळखळाटात तिचा आवाज दबतो, म्हणून वळणांवर बोलत चालावे किंवा टाळी वाजवावी. पहाटे व संध्याकाळी अस्वले अधिक हिंडतात, हेही सात वाजता निघून दुपारी परतण्याचे आणखी एक कारण. दिसलेच, तर पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे पाहत सावकाश मागे सरकावे. निघण्यापूर्वी ओगानो नगरपालिकेच्या संकेतस्थळावर अस्वल दिसल्याच्या सूचना भाच्याने पाहून ठेवाव्यात.

माझ्या मते आपण शरद ऋतूत गेलात, तर गांधीलमाशीचा धोका अधिक विचारात घ्यावा लागेल. आपल्या किल्ल्यांवर आग्या मोहोळ उठते तेव्हा काय होते, हे सातारकरांना सांगायला नको. तिकडची मोठी गांधीलमाशी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सर्वांत आक्रमक असते. काळे कपडे आणि अत्तर टाळावे, आणि माशी अंगाभोवती घिरट्या घालू लागली तर हात न झटकता खाली वाकून आल्या वाटेने मागे फिरावे. मे महिन्यात हा त्रास कमी असतो, म्हणजे कराडच्या दादांचे मत येथेही लागू पडते. पूर्वी दंशाची तीव्र ॲलर्जी झालेली असेल, तर भेटीआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषध सोबत घ्यावेच.

थंडीचा अंदाज आपल्याला सहसा येत नाही. शंभर मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंश तापमान उतरते, म्हणजे मैदानात वीस अंश असेल तेव्हा माथ्यावर दहाच्या आसपास, आणि वारा सुटला तर अंगाला त्याहून कमी जाणवते. सातारची मंडळी मे महिन्यात घामाने निथळत असतात, तेव्हा तेथे लोकरीची टोपी लागेल यावर विश्वास बसत नाही. पण घामाने भिजलेला सुती सदरा शिखरावर पाच मिनिटांत हुडहुडी भरवतो. अंगालगत सुती कपडा नको. वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पॅन्ट असे दोन्ही हवे. आपली प्लास्टिकची घोंगशी साखळ्यांच्या टप्प्यावर पायात येते.

जेवणाविषयी थोडक्यात: आपण शाकाहारी असाल तर दुकानातल्या भाताच्या गोळ्यांवर विसंबू नका, वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या सारणातही माशाचा अर्क असू शकतो. मामींनी घरून दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू करून दिले तर सर्वांत उत्तम. पाणी माणशी दोन लिटर. कचरा टाकायला वाटेवर कुंडी नसते, सगळे खाली आणायचे.

जरंड्याचा पायथा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. भाच्याशी बोलणे झाले. मे महिना नक्की केला असून मोठ्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात तो एक दिवसाची रजा काढेल. आदल्या रात्री ओगानोत मुक्काम, साडेसहाला टॅक्सी, सातला चढाई सुरू, साडेअकराच्या सुमारास माथा आणि साडेतीनपर्यंत पुन्हा वाडीत, असा बेत मांडला आहे. तोपर्यंत दर रविवारी मी अजिंक्यतारा दोनदा आणि नंतर तीनदा चढून पाहीन. भाच्याला तेथे तोक्योजवळच्या ताकाओवर सराव करायला सांगितले आहे. दोन शंका उरल्या. माथा गाठायला उशीर झाला तर कुठून मागे फिरावे? आणि भ्रमणध्वनीला जाळे नसताना वाट चुकू नये म्हणून काय करावे?

कृष्णाकाठचा (कराड)

सर, बेत चांगला जमला आहे. मागे फिरण्याची वेळ बारा धरा, आणि ती माथ्यावर असाल तेथे लागू नसून जेथे असाल तेथे लागू आहे, हे भाच्याशी आधीच ठरवून ठेवा. त्याच्याही आधी एक चाचणी आहे. कियोताकी झोपडी साडेदहापर्यंत आली नाही, किंवा तेथे पोहोचेपर्यंत भाच्याचे पाय लटपटू लागले, तर पुढचा उभा चढ आणि साखळ्या न करता झोपडीत जेवून परतावे. सकाळची हवा पाहण्यासाठी जपानमध्ये तेन-कुरा नावाचे संकेतस्थळ वापरतात. ते डोंगरानुसार ए, बी, सी अशी श्रेणी देते. बी असेल तर वारा की पाऊस हे पाहून ठरवा आणि सी असेल तर दाइबोसात्सुचाही नाद सोडा.

जाळे दरीत बहुतेक ठिकाणी मिळणार नाही असेच समजा. यामाप किंवा यामारेको यांपैकी एका ॲपवर नकाशा मुक्कामी असतानाच उतरवून घ्या, म्हणजे जाळे नसतानाही जीपीएसवर आपली जागा दिसते. सोबत कागदी नकाशा आणि जादा बॅटरी ठेवा. वाट दाखवण्यासाठी झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या असतात, परंतु वनखात्याची आणि लाकूडतोडीची माणसेही आपल्या कामासाठी तशाच फिती बांधतात, त्यामुळे केवळ फीत दिसली म्हणून तिकडे वळू नये. हरणांच्या वाटाही आपल्या ढोरवाटांसारख्या मळलेल्या दिसतात आणि थोड्या अंतरावर उतारात विरून जातात. शंका आली की खाली ओढ्याकडे उतरायचे नाही. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत वर चढून परत जायचे. दोघांकडे डोक्याला बांधायची विजेरी असावी, दिवसाउजेडी परतण्याचा बेत असला तरीही.

परतीची टॅक्सी सकाळी उतरतानाच साडेचारसाठी सांगून ठेवा. पायथ्याशी फोन लागेल यावर अवलंबून राहू नका, आणि बसने यायचे झाल्यास शेवटच्या बसच्या वेळापत्रकाच्या फलकाचे छायाचित्र चढाईला निघण्यापूर्वी काढून घ्या. भाड्यासाठी सुट्टे येन जवळ असू द्या.